मालिश कधी करावी आणि हात कधी आवरावा

प्रश्न : माझी आई 67 वर्षांची असून साताऱ्यात राहते. तिला 12 वर्षांपासून मधुमेह आहे. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. गुडघे व कंबर दुखते म्हणून आठवड्यातून दोनदा एक बाई घरी येऊन तेलाने मालिश करतात आणि तिला त्याने बरे वाटते. गेल्या आठवड्यात ती काशीयात्रेहून रेल्वेने परतली, तेव्हापासून डावी पोटरी दुखते आहे व थोडी सुजली आहे. बाई म्हणतात की शीर आखडली आहे, दोन दिवस चांगली रगडली की मोकळी होईल. मालिश चालू ठेवावी का? एकूणच मालिश कोणी करून घ्यावी आणि कोणी टाळावी?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर मी उलट्या क्रमाने देते, कारण आपण जाता जाता लिहिलेली गोष्ट सर्वांत निकडीची आहे. आईंची डावी पोटरी कोणीही चोळू, दाबू किंवा रगडू नये, आणि त्यांना आजच्या आज डॉक्टरांकडे नेऊन त्या पायाची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे वाहिन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करून घ्यावी. मालिशीचा विचार तो अहवाल हाती आल्यावर करता येईल.

पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायातील खोल नीलांमधले, म्हणजे अशुद्ध रक्तवाहिन्यांमधले रक्त हृदयाकडे वर ढकलले जाते. एक दिवसाहून अधिक काळ रेल्वेत पाय खाली सोडून बसून राहिले की हा पंप जवळपास बंद पडतो. त्यात आपल्याकडच्या वयस्कर बायका स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून प्रवासात पाणीही मोजूनच पितात. रक्त संथ झाले की नीलेत गुठळी धरू शकते. एकाच पायाला आलेली सूज, पोटरीतला ठणका, त्वचा गरम किंवा लालसर होणे ही तिची नेहमीची चिन्हे आहेत. नवी गुठळी वाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. वरून जोराने रगडल्यास ती किंवा तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो, आणि मग काही मिनिटांत श्वास कोंडणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे इथपर्यंत वेळ येते. 2017 साली दिल्लीच्या एम्समधील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी नोंदवलेले एका तरुणाचे प्रकरण वर्तमानपत्रांत आले होते: घोट्याच्या दुखापतीनंतर पाय प्लास्टरमध्ये होता, प्लास्टर काढल्यावर पाय दुखू लागला म्हणून आईने मायेने तेल लावून चोळला, आणि गुठळी फुप्फुसात जाऊन मुलगा दगावला. अशा घटना विरळ आहेत हे खरे, परंतु त्या टाळण्यासाठी फक्त हात आवरावा लागतो.

येथे दोन गैरसमज दूर करते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत म्हणजे गुठळी होणारच नाही, असे नाही. अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या प्रामुख्याने रक्तबिंबिकांवर (प्लेटलेटवर) काम करून धमनीतला स्टेंट, म्हणजे तेथे बसवलेली जाळी, उघडा ठेवतात, आणि पायाच्या नीलेतील गुठळीपासून त्यांच्याकडून पुरेसे संरक्षण मिळत नाही. दुसरे म्हणजे, पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी चाचणी भरवशाची नाही. घरी करता येण्यासारखे एकच आहे: गुडघ्याखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिवणाच्या फितीने मोजावा. फरक 3 सेंटीमीटरहून अधिक असेल तर संशय बळावतो. मात्र फरक कमी आहे म्हणून निश्चिंत होऊन घरी बसू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. मी भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून कोल्हापुरात 26 वर्षे काम करते आहे, आणि मालिशीविषयी इतक्या वर्षांत माझे एकच मत पक्के झाले आहे: ती स्नायूंच्या दुखण्यावरचा उपचार आहे, आणि समोरचे दुखणे स्नायूचेच आहे हे ठरल्यावाचून तिचा विचारही करू नये. मी पाहिलेल्या बहुतेक दुर्घटनांच्या मुळाशी कच्चा हात नव्हता, चुकीचे निदान होते.

या चुकीला आपली भाषाही थोडी हातभार लावते. मराठीत ‘शीर’ हा एकच शब्द किमान चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘पायाच्या शिरा फुगल्या’ म्हणतो तेव्हा आपल्याला नीला अभिप्रेत असतात. ‘कमरेत शीर दबली’ म्हणतो तेव्हा मणक्यातून निघणारा मज्जातंतू असतो. ‘शिरेवर शीर चढली’ म्हणजे स्नायूला आलेला पेटका असतो, आणि टाचेमागची शीर ताणली गेली असे सांगणाऱ्याचा स्नायुबंध दुखावलेला असतो. पेटका आलेला स्नायू ताणून हळूहळू चेपला तर तो खरोखरच मोकळा होतो. दबलेला मज्जातंतू चोळल्याने सुटत नाही, आणि नीलेत गुठळी असेल तर चोळणे घातक ठरते. आपल्याकडच्या बाई ‘शीर आखडली’ म्हणाल्या त्यात त्यांची लबाडी नाही. त्यांनी आयुष्यभर पेटके चोळून मोकळे केले आहेत आणि त्यांच्या दृष्टीने ही पोटरीही तशीच आहे. म्हणून माझ्याकडे कोणी शीर आखडली म्हणून आले की मी आधी विचारते: कोठे, कधीपासून, कशाने वाढते, रात्री झोपेतून उठवते का, आणि सूज एकाच बाजूला आहे का.

मालिशीने नेमके काय होते, हेही स्पष्ट असलेले बरे, कारण तिच्या नावावर बरेच काही खपवले जाते. तिने शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर पडत नाहीत, ते काम यकृत व मूत्रपिंडे करतात. व्यायामानंतर स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल ती धुऊन काढते, हे विधान अजूनही काही व्यायामशाळांत ऐकू येते, पण ते आम्ल विश्रांती घेतल्यावर तास-दीड तासात आपोआपच निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचे कारण स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा हे असते. चरबी विरघळत नाही, आणि सरकलेला मणका बोटांनी जागेवर बसत नाही. होते ते असे की त्वचेला व स्नायूला मिळालेल्या दाबाचे संदेश मज्जासंस्थेकडे जातात, वेदनेची तीव्रता काही काळ कमी जाणवते, सतत आवळलेला स्नायू सैल पडतो, मन शांत होते आणि झोप चांगली लागते. हा परिणाम खरा आहे, फक्त तो काही तास ते काही दिवस टिकतो. त्या काळात रुग्णाने व्यायाम केला तर लाभ साठत जातो, आणि नुसते पडून राहिले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बाईंची वाट पाहावी लागते.

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत मालिशीला जागा आहे, पण ती रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम व इतर उपचार यांच्या जोडीने. कमरेचे पट्टे आणि वजने लावून दिले जाणारे ताण सरसकट वापरू नयेत असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे मात्र कंबर दुखली की पहिली खरेदी पट्ट्याचीच होते. गुडघ्यांच्या झिजेविषयी अमेरिकेत झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून एकदा 60 मिनिटांची मालिश हे प्रमाण सर्वांत व्यवहार्य ठरले होते. त्यानंतरच्या मोठ्या चाचणीत 8 आठवड्यांनी मालिशीचा स्पष्ट लाभ दिसला, पण वर्षअखेरीस इतर गटांशी तुलना करता फरक उरला नव्हता. माझ्या दवाखान्यातला अनुभव याहून वेगळा नाही.

मग मालिश कोणाला द्यावी? संगणकासमोर बसून मानेच्या व खांद्याच्या मधल्या भागात गाठी धरलेल्यांना, ओझे उचलताना उसण भरलेल्यांना पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर, रात्री पोटरीत पेटके येणाऱ्यांना, प्लास्टर निघाल्यावर आखडलेल्या हातापायांना डॉक्टरांनी हाड जुळल्याचे आणि गुठळीचा संशय नसल्याचे सांगितल्यावर, भरून आलेल्या पण खाली चिकटून बसलेल्या व्रणाला, आणि गुडघ्यांच्या झिजेत मांडीच्या व पोटरीच्या थकलेल्या स्नायूंना. गुडघ्याच्या वाटीवर तेल चोळत बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण झीज सांध्याच्या आत असते. काम मांडीच्या स्नायूवर करावे आणि त्यानंतर लगेच तोच स्नायू बळकट करणारे व्यायाम करवून घ्यावेत. तालमीत मेहनतीनंतर मल्ल एकमेकांचे अंग रगडतात त्यामागे हाच अनुभव आहे. आमच्या पेठेतले एक वस्ताद पोरांना रगडा देताना फार कडक असत, पण ज्याचा पाय मुरगळला असेल त्याला तीन दिवस कोणालाही हात लावू देत नसत. कारण विचारले तर ‘आत ओलं असतं’ एवढेच सांगत. शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत ते बरोबर होते: ताज्या दुखापतीत फुटलेल्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपत असते आणि चोळल्याने ते वाढते.

ताज्या दुखापतींमध्ये कोपराचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करते, कारण त्यात सर्वाधिक नुकसान लहान मुलांचे होते. झाडावरून किंवा सायकलवरून पडून कोपराला मार लागला की गावात मुलाला हाडवैद्याकडे किंवा चोळून देणाऱ्याकडे नेतात. कोपरापुढच्या स्नायूत साकळलेले रक्त वारंवार चोळले गेले तर त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. हा प्रकार अस्थिरोगाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो, तरी तो अजूनही माझ्या दवाखान्यात येतो. वर घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधल्या तर हाताचा रक्तपुरवठा तुटून बोटे वाकडी होतात ते वेगळेच. मुलाच्या कोपराला मार लागला तर एक्स-रे होईपर्यंत तेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी.

कंबरदुखीविषयी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी 35 वर्षांचा एक शेतमजूर पाठदुखीसाठी आला. वाकून काम करणारा माणूस, पाठीचे स्नायू दगडासारखे ताठ, म्हणून मी तीन आठवडे शेक व मालिश दिली. प्रत्येक वेळी त्याला दोन दिवस बरे वाटे आणि दुखणे पुन्हा येई. संध्याकाळी कणकण येते व कपडे सैल होऊ लागले आहेत, हे त्याने सांगितले होते, पण मी ते नोंदवून पुढे गेले. शेवटी एका वरिष्ठांनी एमआरआय करवला तेव्हा मणक्याचा क्षय निघाला. स्नायू ताठ झाले होते ते किडलेल्या मणक्याला सांभाळण्यासाठी, आणि मी तो आधारच सैल करत होते. औषधोपचाराने तो बरा झाला, पण त्या तीन आठवड्यांत त्याचे पाय गेले असते तर त्याला मी जबाबदार असते. आपल्या देशात क्षय दुर्मीळ नाही. म्हणून पाठदुखीबरोबर ताप, घटते वजन, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, कर्करोगाचा पूर्वेतिहास यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी करावी. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, दोन मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पायातली शक्ती जाणे ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

तसेच डाव्या खांद्यात, जबड्यात किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये अचानक सुरू झालेले दुखणे, सोबत घाम, मळमळ किंवा धाप, हे हृदयाचे असू शकते. मधुमेही व्यक्तीत छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येतो. ‘गॅस आहे, जरा पाठ चोळ’ असे म्हणत घालवलेला तास पुढे कोणीही परत आणून देऊ शकत नाही. अर्धांगवायूचेही तेच आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मी असे रुग्ण पाहिले आहेत ज्यांचे ते तास लुळ्या हाताला तेल जिरवण्यात गेले. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी आखडलेल्या हातावर हलकी मालिश करता येते, मात्र तिने लुळा हात हलू लागत नाही. तो हलतो सरावाने. अशा रुग्णाला उठवताना खांद्याला धरून ओढू नये, खांदा निखळतो.

पावसाळ्यात दर वर्षी एक प्रकार हमखास दिसतो. अंग मोडून आले, हाडे दुखतात, म्हणून ताप असतानाच लोक अंग चेपून घेतात. तो डेंग्यू असेल तर रक्तबिंबिका घसरलेल्या असतात आणि जोराने दाबल्यास त्वचेखाली रक्त साकळते. चिकुनगुनियात सांधे आधीच सुजलेले असतात, ते चोळले की अधिक सुजतात. महाराष्ट्राने 2006 सालच्या साथीत हे पुष्कळ पाहिले. ताप असताना मालिश नको, हा नियम काही नवीन वैद्यकाने घातलेला नाही. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकारही तेच सांगतात. सुश्रुताने नवज्वरात, म्हणजे नुकत्याच आलेल्या तापात, आणि अजीर्णात अभ्यंग (तेलाची मालिश) करू नये असे सांगितले आहे. वाग्भटाने तर रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान व पाय यांना, असे सांगून लगेच पुढे कफाने ग्रासलेल्या, नुकतेच शोधन (वमन, विरेचन यांसारखे शुद्धीचे उपचार) झालेल्या व अजीर्ण असलेल्या माणसांसाठी तो वर्ज्य ठरवला आहे. दिवाळीच्या पहाटे लावलेले उटणे आणि तेल यांचे आपण कौतुक करतो, पण हा निषेधाचा भाग बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्वचेचे आजार थोडक्यात सांगते: गजकर्ण, खरूज, गळू, उघडी जखम, लाल होऊन पसरत जाणारी सूज, आणि हत्तीपाय झालेल्या रुग्णाला ताप भरून पाय लाल झालेला असतानाचे दिवस, या सर्वांत मालिश करू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाली आली असेल तर ती चोळू नये. पूर्वी परिचारिकांना तेथे चोळायला शिकवले जात असे. आता ठाऊक आहे की तेथील ऊतींचा रक्तपुरवठा आधीच धोक्यात असतो आणि चोळल्याने शय्याव्रण लवकर होतो. कूस बदलणे हाच तेथे उपाय आहे. फुगलेल्या, निळ्या, वेटोळ्या नीलांवर थेट दाब देऊ नये.

मानेबाबत माझे मत कडक आहे. केस कापून झाल्यावर डोके हातात धरून कडकन मान मोडून देण्याची जी पद्धत आहे, ती करून घेऊ नये. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात, आणि अचानक पिळण्याने त्यांचे अस्तर फाटून तरुण माणसालाही पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मानेच्या पुढच्या बाजूला, जेथे नाडी लागते, तेथे दाबून चोळू नये, कारण त्याने हृदयाचे ठोके एकदम मंदावून भोवळ येऊ शकते. आजकाल घरोघरी आलेली धडधडणारी मसाज गन त्या भागावर तर मुळीच चालवू नये.

पाठीवर पाय देण्याची आणि उसण भरल्यावर पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाकडून लाथ मारून घेण्याची प्रथा ग्रामीण भागात अजून पूर्ण गेलेली नाही. पंचविशीच्या पहिलवानाला ती कदाचित सोसेल, पण पाळी थांबलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीचा मणका तेवढ्यानेही दबतो. बरगडी तर अंगठ्याच्या दाबानेही मोडते. साठीपुढच्या स्त्रीला पाठीवर तळव्याने, पसरट दाब द्यावा, आणि कोपर किंवा गुडघा कधीही टेकवू नये.

कर्करोग असलेल्यांच्या घरी मालिशीने रोग पसरतो ही भीती असते. साध्या, हलक्या मालिशीने कर्करोग पसरतो असा पुरावा नाही, आणि केमोथेरपीच्या काळात हातापायांना हळुवार तेल लावण्याने रुग्णाला मोठा दिलासा मिळतो. टाळायचे आहे ते गाठीच्या जागी, किरणोपचार झालेल्या त्वचेवर आणि हाडांत रोग पसरला असेल तेथे दाबणे, तसेच रक्तबिंबिका फार कमी असताना कोठेही जोर लावणे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा हात सुजतो. त्यासाठी एक वेगळी, अगदी हलकी, त्वचा केवळ सरकवणारी पद्धत आहे, आणि ती प्रशिक्षित व्यक्तीनेच, पट्टीबंधन व व्यायाम यांच्यासह करायची असते. तो हात कणीक तिंबल्यासारखा रगडला तर सूज वाढते.

बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालण्याच्या आपल्या पद्धतीविषयी मला आदर आहे. थकलेल्या नव्या आईला रोज तासभर कोणीतरी फक्त तिच्याकडे लक्ष देते, ही गोष्ट लहान नाही. तथापि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायात गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच अधिक असतो, म्हणून आपल्या आईंच्या पोटरीचा नियम येथेही लागू आहे. सिझेरियनची जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पोटाला हात लावू नये. बाळाच्या बाबतीत, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हळुवार मालिश देण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींतही वाव ठेवला आहे. पण नवजात बाळाची छाती पिळून त्यातून ‘दूध’ काढणे ताबडतोब थांबवावे. ती फुगवटी आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे असते व आपोआप जिरते, आणि पिळल्याने तेथे पू होतो. नाकात व कानात तेल सोडणेही नको, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाक चिमटीने उंच काढणे आणि डोके दाबून गोल करणे यांविषयी इतकेच सांगते की बाळ रडते ते ‘अंग मोकळे होते’ म्हणून नव्हे, दुखते म्हणून.

आता आपल्या आईंविषयी. डॉप्लरमध्ये गुठळी निघाली तर डॉक्टर रक्त गोठू न देणारे औषध सुरू करतील. ते सहसा किमान तीन महिने चालते. त्या पायाची मालिश ते सांगतील तोपर्यंत पूर्ण बंद ठेवावी आणि चालण्याविषयी त्यांचाच सल्ला मानावा. अहवाल स्वच्छ आला तरी पोटरी लगेच रगडायला मोकळी झाली असे समजू नये. गुडघ्याची झीज असलेल्यांना गुडघ्यामागे पाण्याची गाठ धरते, ती फुटली की पोटरी अगदी अशीच सुजते व दुखते, आणि ती गाठही चोळल्याने चिघळते. सूज कायम राहिली तर डॉक्टर काही दिवसांनी डॉप्लर पुन्हा करायला सांगतात, तेव्हा ते टाळू नये.

पोटरीचा उलगडा झाल्यावर कंबर व मांड्यांची मालिश पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही, मात्र काही बदल करावे लागतील. दोन गोळ्यांमुळे आईंना लवकर काळे-निळे पडेल, म्हणून सोसवेल अशा सर्वाधिक दाबाला 10 मानले तर 4 ते 5 एवढाच दाब असावा आणि दुसऱ्या दिवशी अंगावर वळ दिसला तर तो जोर अधिक झाला असे समजावे. 12 वर्षांच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे तेल गरम आहे की नाही हे आईंच्या पायाने ठरवू नये. बाईंनी ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावे. मालिशीनंतर बोटांच्या बेचक्यांतले तेल पुसून घ्यावे, तेथे बुरशी धरते, आणि न्हाणीघरात जाण्यापूर्वी तळवे कोरडे करावेत, कारण तेलकट पायाने घसरून खुबा मोडल्याचे रुग्ण मी दर वर्षी पाहते. तेल कोणते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खोबरेल, तीळतेल किंवा घरात असलेले नारायण तेल, त्वचेला सोसेल ते चालते. जेवणानंतर दोन तास सोडून, प्रत्येक वेळी 30 ते 40 मिनिटे पुरेत.

बाईंना काढून टाकू नका. गुठळी म्हणजे काय, हे त्यांना तुम्हीच नीट समजावून सांगा, कारण त्या गावातल्या आणखी दहा घरी जात असतील आणि त्यांतल्या एखाद्या घरी नुकतीच कोणी प्रवासाहून किंवा शस्त्रक्रियेहून परतलेली असेल. त्यांना एवढेच सांगावे की एकच पाय सुजलेला दिसला तर त्या दिवशी तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि घरच्यांना डॉक्टरांकडे जायला लावायचे. मालिश झाल्यावर आईंनी खुर्चीवर बसून पाय गुडघ्यात सरळ करून 5 सेकंद धरून ठेवावा, प्रत्येक पायाने 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी याची सवय लावून घेतली तर दोन महिन्यांत बाईंची फेरी आठवड्यातून एकवर येईल, असा माझा अनुभव आहे.